शितावरून भाताची परीक्षा होते, रक्तदाबाची नाही!

हळदीकुंकवाला चारजणी जमल्या की पूर्वी साड्यांवर, सोन्याच्या भावावर गप्पा व्हायच्या. हल्ली चाळिशी ओलांडलेल्या बायकांचा घोळका जमला की अर्ध्या तासात विषय गोळ्यांवर येतो. ‘परवा माझं बीपी एकशेसाठ निघालं.’ ‘अगं, माझं तर एकशेसत्तर होतं!’ मग तिसरी म्हणते, ‘तू ना, टेन्शन फार घेतेस.’ झालं! तिळगूळ हातावर पडतो आणि विषय तिथेच संपतो. एकशेसाठ कधी निघालं, कुणी मोजलं, पुन्हा मोजलं का, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, मला आज या ‘निघालं’ शब्दाबद्दलच बोलायचं आहे. बचत गटांच्या कामामुळे गेली कित्येक वर्षं मी आरोग्य शिबिरांच्या टेबलाशी बसते. तिथं काय चालतं ते तुम्हीही पाहिलं असेल. मागे मोठी रांग, लाउडस्पीकरवर भाषण, कडेवर मूल, उन्हातून चालत आलेली बाई. खुर्चीवर टेकते न टेकते तोच तिच्या दंडाला पट्टा गुंडाळतात, फुस्स फुस्स होतं, आकडा चिठ्ठीवर लिहिला जातो. ‘चला, पुढची!’ आणि त्या एका आकड्यावर पुढची पाच-दहा वर्षं ठरतात. एखादीची जन्माची गोळी सुरू होते. दुसरी ‘नॉर्मल’ लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये घालून निश्चिंत होते आणि पुन्हा कधी दंड पुढे करत नाही.

आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा. ते खरंही आहे, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. रक्तदाबाचं तसं नाही. जिना चढलात की तो चढतो, भांडलात की चढतो, थंडीत चढतो, लघवी तुंबवून बसलात तरी चढतो. मोजताना नुसतं बोलत राहिलात तरी आकडा वर जातो. शांत झोपलात की उतरतो. दिवसभरात तो शेकडो वेळा बदलतो आणि आपण त्यातलं एक शीत चेपून पाहतो! म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जिथं शंका असेल आणि डॉक्टर सुचवत असतील, तिथं चोवीस तासांची रक्तदाब तपासणी बाईने करून घ्यावी आणि घरच्यांनी ती करू द्यावी. हे दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलं आहे, त्याबद्दल पुढे बोलूच.

हा काही मूठभर बायकांचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे २१ टक्के बायकांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्या आधीच गोळ्या घेत होत्या. म्हणजे पाचजणींत एक. आपल्या वाड्यात, आपल्या गटात, आपल्या भिशीत मोजून पाहा.

डॉक्टर मंडळींना ही शिताची अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दंडाला हवेचा पट्टा बांधून रक्तदाब मोजायची रीत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली आणली. स्टेथोस्कोप लावून ठोक्यांचे आवाज ऐकायचे हे रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली सांगितलं. आपले डॉक्टर अजूनही बहुतेक तेच करतात. पुढे १९८३ साली इटलीत मिलानमध्ये मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत मोजून दाखवली. दवाखान्यात दाखल असलेल्यांच्या धमनीत बारीक नळी घालून त्यांचा रक्तदाब अखंड नोंदवला जात होता. डॉक्टर खाटेशी आले की काही मिनिटांतच वरचा आकडा सरासरी पंचवीसच्या वर चढायचा! डॉक्टर गेले की हळूहळू खाली. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की नर्स आली तर आकडा चढतो, पण बराच कमी. सासरे ओसरीवर आले की माजघरातली कुजबुज कशी थांबायची, तसंच हे. फक्त इथं थांबायच्या ऐवजी चढतं!

याला डॉक्टरांच्या भाषेत ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. पांढऱ्या कोटापुढे वाढणारा, घरी मात्र बरा असणारा रक्तदाब. याच्या उलटा प्रकारही असतो, आणि तो जास्त फसवा. दवाखान्यात आकडा अगदी शहाण्यासारखा बसतो, पण घरी, कामाच्या रगाड्यात किंवा रात्री झोपेत वर असतो. त्याला ‘मास्क्ड’ म्हणजे मुखवटा घातलेला रक्तदाब म्हणतात. मी आपलं ‘दडलेलं बीपी’ म्हणते. आपल्या देशात १५ राज्यांत सुमारे १९ हजार जणांची पाहणी झाली. गोळ्या सुरू नसलेल्या या लोकांचे दवाखान्यातले आकडे घरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पहिल्या भेटीत सुमारे ४२ टक्के लोक या दोनपैकी एका प्रकारात मोडले, असं २०१९ साली जाहीर झालं. म्हणजे दर दहा जणांत चौघांच्या बाबतीत दवाखान्याचा आकडा एक सांगत होता आणि घरचा दुसरंच!

आता हे चोवीस तासांचं यंत्र म्हणजे काय ते सांगते, कारण नाव ऐकूनच निम्म्या बायका घाबरतात. डॉक्टर ‘ॲम्ब्युलेटरी बीपी’ किंवा ‘एबीपीएम’ लिहून देतात. काही जण ‘बीपी होल्टर’ म्हणतात. सुई नाही, रक्त काढणं नाही, दवाखान्यात राहणं नाही. दंडाला नेहमीसारखाच पट्टा, त्यातून निघालेली एक नळी आणि ती जोडलेलं हातात मावेल एवढं यंत्र. ते कमरेच्या पट्ट्याला किंवा गळ्यातल्या पिशवीत अडकवतात. दिवसा साधारण दर वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो, मोजतो, सैल होतो. कुठे दिवसा अर्ध्या तासाचं आणि रात्री तासाचं अंतर ठेवतात. चोवीस तासांत पन्नास-साठ नोंदी होतात. तुम्ही मात्र घरी, आपल्या कामात.

मी स्वतः हे यंत्र बांधलं आहे. आमच्या डॉक्टरांकडे दोनदा माझे आकडे १५२/९४ च्या आसपास आले, घरी मोजलं की बरे यायचे. गोळी सुरू करायच्या आधी खरं काय ते पाहू, असं डॉक्टर म्हणाले. तालुक्याला यंत्र नव्हतं, जिल्ह्याच्या गावी जावं लागलं. बांधायला पंधरा-वीस मिनिटं लागली. आधी दोन्ही दंडांवर मोजलं. दोन्हीकडे फारसा फरक नसेल तर डावखुरी नसलेल्या बाईला डाव्या हाताला बांधतात, म्हणजे उजवा कामाला मोकळा. फरक बराच असेल तर जिथं आकडा जास्त, तो हात घेतात. दंड भरलेला असेल तर ‘मोठ्या मापाचा पट्टा आहे ना?’ असं संकोच न करता विचारा. लहान पट्टा जाड दंडावर बांधला तर आकडा उगीचच जास्त दिसतो. आपण परकराची नाडीसुद्धा मापाची घेतो, मग इथं लाजायचं कशाला?

कपड्यांचं आधी ठरवून जा. आपल्या ब्लाउजची बाही घट्ट असते. ती वर सरकवली तर दंड आवळला जातो आणि मोजणी बिघडते. सैल बाहीचा कुर्ता, गाऊन किंवा बिनबाह्यांचा ब्लाउज आणि वरून सैल शर्ट, काहीही चालेल.

सर्वांत जास्त प्रश्न येतो आंघोळीचा. यंत्र भिजून चालत नाही, म्हणून ते चोवीस तास आंघोळ नाही. आमच्या गटातल्या दोघींनी निव्वळ या कारणासाठी तपासणी टाळली होती. ‘आंघोळीवाचून देवाची पूजा कशी करायची?’ अहो, घरून निघतानाच आंघोळ आणि पूजा उरकून जा, दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास यंत्र सुटतं, मग घरी येऊन आंघोळ करा. दुसऱ्या दिवशीची सकाळची पूजा घरातल्या कुणी केली तर देव रागावत नाही. मुलांना, नवऱ्याला निरांजन लावता येतं की नाही तेही त्या निमित्ताने कळेल! घरी मोठा सण, कार्य किंवा कडक उपास असेल तर तेवढे दिवस टाळून तारीख घ्या. रोजच्यासारखं जेवण, रोजच्यासारखं काम असा दिवस हवा.

पट्टा फुगला की करायचं एकच. हातातलं काम थांबवायचं, हात सैल सोडायचा, हलवायचा नाही आणि बोलायचं नाही. बसलेल्या असाल तर हात मांडीवर किंवा टेबलावर आरामात. तीस-चाळीस सेकंद, फार तर मिनिटभर. भाकरी थापताना फुगला तर पीठ लागलेले हात तसेच ठेवून उभ्या राहा, भाकरी कुठे पळत नाही. हात हलला तर यंत्राला मोजता येत नाही आणि ते मिनिटा-दोन मिनिटांनी पुन्हा फुगतं. ‘सारखं सारखं फुगतंय, बिघडलंय वाटतं’ असं म्हणणाऱ्या बायका बहुतेक वेळा हात हलवत असतात. बाकी चालणं-फिरणं, स्वयंपाक, दुकान, नोकरी सगळं चालतं. पाण्याने भरलेल्या बादल्या त्या हाताने उचलू नका, घाम गाळणारा व्यायाम नको, आणि स्कूटी चालवणं त्या दिवशी शक्यतो टाळाच. नळी पिळली जात नाही ना, पट्टा कोपराकडे घसरला नाही ना, एवढं अधूनमधून पाहायचं.

दुखतं का? खरं सांगायचं तर जोरात आवळतं. पहिल्या चार-पाच वेळा दचकायला होतं, मग सवय होते. दंडावर थोडा लालसर वळ किंवा बारीक ठिपके उमटू शकतात, ते जातात. मात्र हात बधिर झाला, बोटं निळसर पडली किंवा असह्य दुखायला लागलं तर यंत्र बंद करायचं बटण दाबा, पट्टा सोडा आणि केंद्राला फोन करा. ते बटण कुठलं हे निघतानाच विचारून ठेवा.

रात्रीची तपासणी सगळ्यात त्रासाची आणि सगळ्यात मोलाचीही. यंत्र काढून ठेवायचं नाही. उशीशेजारी ठेवायचं, नळी अंगाखाली येऊ द्यायची नाही. फुगल्यावर एक-दोनदा जाग येते. अगदीच झोप लागली नाही तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण जागरणाच्या रात्रीचे आकडे वेगळे वाचावे लागतात.

यंत्रासोबत एक कागद देतात. किती वाजता झोपलात, उठलात, दुपारी डोळा लागला का, गोळी कधी घेतली, चक्कर, धडधड, डोकेदुखी केव्हा झाली, हे त्यावर लिहायचं. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांनी वेगळं सांगितल्याशिवाय त्या बंद करायच्या नाहीत. आणि हा कागद खरा लिहा! एका बाईंनी ‘रात्री दहाला झोपले’ असं लिहिलं. प्रत्यक्षात त्या साडेबारापर्यंत धाकट्याच्या परीक्षेची उजळणी घेत होत्या. मग ते अडीच तास झोपेच्या खात्यात गेले आणि रात्रीचा आकडा विनाकारण चढा दिसला. बाकीच्यांना बरं दिसावं म्हणून आपण किती तरी गोष्टी झाकतो, पण हा कागद सासूबाई वाचणार नाहीत, डॉक्टर वाचणार आहेत.

आता माझा मुख्य मुद्दा. ही तपासणी कोणत्या दिवशी करायची? मी दोन्ही टोकं पाहिली आहेत. एका वहिनींनी यंत्र बांधलं आणि घरच्यांनी कौतुकाने त्यांना माहेरी पाठवलं. ‘आज आराम कर, म्हणजे बीपी चांगलं येईल.’ चांगलं आलंच! आईच्या हातचं जेवण, दुपारी दोन तास झोप. पण ते माहेरच्या बीपीचं मोजमाप झालं, त्या जिथं वर्षाचे साडेतीनशे दिवस राहतात तिथलं नव्हे. दुसऱ्या एका घरात उलटं. यंत्र बांधून बाई घरी आली तर सात पाहुणे. ‘तुझं यंत्र काय, ते आपोआप मोजतंय ना? मग हात चालू दे!’ तिने यंत्राचा पट्टा संध्याकाळी सोडून ठेवला, कारण पुऱ्या लाटता येईनात. निम्म्या नोंदी गेल्या, पैसेही गेले.

तपासणी नेहमीच्या दिवसाची व्हायला हवी. पहाटे पाण्याला उठणं, डबे, धुणं, शेत किंवा ऑफिस, म्हाताऱ्यांची औषधं, संध्याकाळचा स्वयंपाक, सगळं धरून. फक्त पट्टा फुगेल तेव्हा अर्धा-एक मिनिट कुणी हाक मारायची नाही. साठ नोंदी धरल्या तरी चोवीस तासांत सगळा मिळून तासभर होतो. घरातल्या बाईला एका दिवसात तेवढं स्वस्थ उभं राहू देता येत नसेल, तर तिचं बीपी का वाढतं हे शोधायला यंत्राची गरज नाही!

रिपोर्ट आला की आकड्यांचं जंगल दिसतं. घाबरू नका. एखादा आकडा १७० दिसला म्हणून ओरडायचं नाही, तेव्हा कदाचित तुम्ही नळावर भांडत असाल. पाहायच्या त्या सरासऱ्या. आधी नोंदी पुरेशा आहेत का ते बघतात. निदान सत्तर टक्के तरी नीट मिळायला हव्यात. मग जागेपणीची सरासरी १३५/८५ किंवा जास्त, झोपेतली १२०/७० किंवा जास्त, पूर्ण चोवीस तासांची १३०/८० किंवा जास्त असेल तर रक्तदाब वाढलेला धरतात. वरचा किंवा खालचा, दोनपैकी एक आकडा वर असला तरी पुरे. दवाखान्यातली १४०/९० ची मर्यादा इथं लागू नाही, हे लक्षात ठेवा. ‘१३८ म्हणजे चांगलंच की!’ असं म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नका.

आणखी एक गोष्ट फक्त हीच तपासणी नीट दाखवते. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्के उतरतो. तो दहा टक्केही उतरत नसेल, किंवा उलट रात्री चढत असेल, तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांना धोका वाढतो. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं अशा तक्रारींत हे पुष्कळदा दिसतं. बाईचं घोरणं हा आपल्याकडे चेष्टेचा विषय, तपासणीचा नव्हे. ही चेष्टा महागात पडू शकते.

माझी दिवसाची सरासरी १२७/७९ आली आणि रात्रीची १०९/६६. म्हणजे साधारण चौदा टक्के उतार. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. मीठ, लोणचं-पापड कमी, रोज चालणं आणि दर वर्षी पुन्हा मोजणं एवढं सांगितलं. पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणजे निव्वळ भास नाही, त्यातल्या काहींना पुढे खरा रक्तदाब जडतो, म्हणून लक्ष ठेवायचंच.

पण माझ्यापेक्षा आमच्या गटातल्या एका काकूंची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मधुमेह होता, बीपी प्रत्येक वेळी १३२/८४ असं ‘काठावर पास’. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या तपासणीत हृदयाची भिंत जाड झाल्याचं दिसलं, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. चोवीस तासांची तपासणी लिहून दिली. घरी काय झालं? ‘बीपी नॉर्मल आहे म्हणून दहादा सांगितलंय, आता हा नवीन खर्च कशाला?’ दोन महिने गेले. शेवटी गटातल्या बायकांनीच त्यांना एसटीत बसवून नेलं. दिवसाची सरासरी १३८/८६, रात्रीची १३१/७८. उतार जेमतेम पाच टक्के. दडलेलं बीपी! आज त्यांचे उपचार चालू आहेत. ती तपासणी झाली नसती तर काकू पुढच्या शिबिरातही ‘नॉर्मल’ची चिठ्ठी घेऊन हसत घरी गेल्या असत्या. त्यांना कळलं असतं ते कदाचित एखाद्या सकाळी तोंड वाकडं झाल्यावर.

खर्चाचं बोलायलाच हवं. आमच्या भागात हजाराच्या पुढे पैसे पडतात, वर जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा. हातावर पोट असणाऱ्या बाईला हे सोपं नाही. शिवाय प्रत्येकीला ही तपासणी लागतेच असंही नाही. दवाखान्यात पुन्हा पुन्हा फार वरचे आकडे येत असतील तर डॉक्टर थांबत नाहीत, लगेच उपचार सुरू करतात आणि तेच बरोबर. ब्रिटनमध्ये २०११ पासून सरकारी मार्गदर्शनच असं आहे की दवाखान्यात १४०/९० च्या वर आलं तर चोवीस तासांच्या तपासणीने खात्री करून मगच निदान पक्कं करायचं. आपल्याकडे तेवढी यंत्रं सगळीकडे नाहीत. पण आमचं म्हणणं एवढंच, की जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयात तरी ही सोय गरजू बाईला मिळावी. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ साली सुरू झाला, तेव्हा आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे पहिल्या फळीत होते. गोळ्या गावापर्यंत पोहोचवता येतात, तर खरं निदानही पोहोचवता यावं.

तोवर मधला मार्ग आहे, घरी मोजायचा. मनगटाचं नको, दंडाचं यंत्र घ्या. सात दिवस सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, लघवीला जाऊन आलेलं, चहा प्यायलेला नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवा. आमच्या गटाने एक यंत्र वर्गणीतून घेतलं आहे, ते आठवड्या-आठवड्याने फिरतं. हे यंत्र झोपेतलं सांगत नाही, पण एका शितापेक्षा नक्कीच बरं.

काहीजणींना चोवीस तासांच्या यंत्राबद्दल आधीच सांगून ठेवायला हवं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या दंडाला पट्टा बांधू देऊ नका. डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला असेल तर तो हातही नाही. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर आकडे चुकू शकतात, तेही डॉक्टरांना सांगा. गरोदरपणात ही तपासणी करता येते, पण रिपोर्ट तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच वाचावा. आणि रिपोर्ट हातात आला म्हणून शेजारणीच्या सल्ल्याने सकाळची गोळी रात्री घेऊ नका. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी सकाळी घेतली काय किंवा रात्री घेतली काय, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत फरक दिसला नाही. वेळेपेक्षा नियम मोठा. बदल करायचा तर डॉक्टरांनी.

शेवटी घरातल्या पुरुषमंडळींनी आणि सासवांनीही वाचावं म्हणून लिहिते. मोटरसायकलचं सर्व्हिसिंग तारखेला होतं, बैलाला नाल वेळेवर ठोकली जाते, मोटारपंप कुरकुरला की त्याच दिवशी मेकॅनिक येतो. बाईने डोकं दुखतंय म्हटलं की मात्र ‘झोप जरा, बरं वाटेल.’ तिच्या तपासणीचे पैसे नेहमी पुढच्या महिन्यात. आणि रिपोर्ट चांगला आला तर? ‘बघ, काहीच निघालं नाही, पैसे उगीच घालवले.’ हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! अहो, काही निघालं नाही याचा अर्थ एका बाईची जन्मभराची गोळी वाचली. आणि काही निघालं, तर एक आई, एक सून, एक कमावती बाई वेळेवर सावध झाली. दोन्ही वेळा पैसे वसूलच झाले ना?

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, ‘एकदा चोवीस तासांचं करून घेऊ,’ तर ‘घरी विचारून सांगते’ असं म्हणू नका. तारीख घ्या, आणि घरी जाऊन नुसतं सांगा!